तळ्याचा तळ कुणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मुलांना वर्गाबाहेर काढायचं, नदीच्या पात्रात उभं करायचं आणि मग धडा सुरू करायचा, ही त्यांची रीत. त्यांचे विद्यार्थी इथे बसले आहेत, त्यांना मी हे सांगायला नको. म्हणूनच आज एका गावाविषयी बोलावं असं मी ठरवलं. गाव जपानमधलं आहे. शिनानोमाची त्याचं नाव, वस्ती आठ हजारांच्या आसपास आणि तीही दरवर्षी घटणारी. गावाच्या कडेला नोजिरी नावाचं तळं आहे. या तळ्याच्या तळाशी जे सापडलं आणि ज्या रीतीनं ते शोधलं गेलं, त्यासाठी हे गाव आपण माहीत करून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. नागानो प्रांताच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, निइगाता प्रांताच्या शिवेला लागून हे गाव आहे. नागानो शहरातून लहान गाडीनं निघालं की पाऊण तासाच्या आत कुरोहिमे स्थानक येतं. भोवती पाच डोंगर आहेत: इइझुना, तोगाकुशी, कुरोहिमे, म्योको आणि मादाराओ. त्यातला कुरोहिमे 2,053 मीटर उंचीचा, एके काळचा ज्वालामुखी. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे कोरडे वारे जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलतात आणि या डोंगरांना थडकले की ते सगळं बाष्प बर्फ होऊन खाली उतरतं. माणूस उभा बुडेल इतका बर्फ इथे नवलाचा नाही. उन्हाळ्यात मात्र हवा थंड आणि धुक्याची, आणि त्या हवेत बकव्हीट चांगलं पिकतं. त्याच्या शेवयांना, म्हणजे सोबाला, दूरदूरहून गिऱ्हाईक येतं. हमरस्त्याच्या कडेला उकडलेल्या मक्याच्या कणसांची दुकानं लागतात. आता मी तळ्याकडे येतो.

नोजिरी तळं समुद्रसपाटीपासून 654 मीटरांवर आहे, क्षेत्रफळ साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास, खोली जास्तीत जास्त 38 मीटर. आकारानं फार मोठं नाही. पण 1934 साली या तळ्याशी जोडून इकेजिरीगावा वीजकेंद्र उभं राहिलं. पंपानं पाणी वर चढवून साठवायचं आणि हवं तेव्हा सोडून वीज करायची, अशी जी केंद्रं जपानमध्ये अगदी सुरुवातीला झाली त्यांत त्याची गणना होते. वसंतात बर्फ वितळून नदीला पाणी येतं तेव्हा ते तळ्यात चढवतात आणि हिवाळ्यात विजेची गरज असते तेव्हा सोडतात. त्यामुळे हिवाळा संपता संपता तळ्याची पातळी बरीच उतरते आणि काठालगतचा तळ उघडा पडतो. पुढची सगळी हकिगत या उघड्या पडलेल्या पट्ट्यावर घडली. विजेसाठी केलेल्या व्यवस्थेनं विज्ञानाला एक दार उघडून दिलं, दरवर्षी काही आठवड्यांसाठी.

1948 साली तिथल्या एका अतिथिगृहाचे मालक त्या उघड्या तळावरून चालत होते. त्यांना एक विचित्र वस्तू दिसली. जपानमध्ये अंथरूण उबदार करायला गरम पाणी भरून ठेवायचं एक पन्हाळीदार भांडं असतं, तशी दिसणारी. ती हत्तीची दाढ निघाली. आज जपानमध्ये रानात कुठेही हत्ती नाही. हा हत्ती हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जातीचा होता. नाउमान हत्ती असं त्या जातीला म्हणतात.

त्या काळात जपानी विद्वानांमध्ये एक समजूत पक्की होती. ज्वालामुखीच्या राखेच्या लाल मातीच्या थरांत माणसाची खूण सापडणार नाही, कारण इतक्या जुन्या काळी या बेटांवर माणूस नव्हताच. ही समजूत मोडली ती आइझावा तादाहिरो या माणसानं. दारोदार फिरून आंबवलेलं सोयाबीन विकणं हा त्यांचा उद्योग आणि दगडी हत्यारं शोधणं हा ध्यास. इवाजुकू इथे लाल मातीत त्यांना हत्यारं सापडली आणि 1949 मध्ये मेइजी विद्यापीठानं तिथे उत्खनन करून त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला: त्या माणसानं हा हत्ती पाहिला होता का? दोघं एकाच वेळी, एकाच तळ्याकाठी होते का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला 1962 च्या मार्चमध्ये नोजिरीच्या तळावर पहिलं उत्खनन झालं. त्यामागे भूशास्त्रज्ञ इजिरी शोजी आणि त्यांच्या विचाराचे सहकारी होते. युद्धाच्या राखेतून उठताना जपानमधल्या काही तरुण भूशास्त्रज्ञांनी एक गोष्ट मनाशी घेतली होती. विज्ञान थोड्या मोठ्या लोकांच्या आणि सरकारी हुकमाच्या हाती राहिलं तर काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून विज्ञान सर्वांनी मिळून करायचं. बोलायला हे सोपं. पण नोजिरीला त्यांनी ते करून दाखवलं. प्राध्यापक आले, शाळामास्तर आले, महाविद्यालयातले विद्यार्थी आले, आणि प्राथमिक शाळेतली मुलंही आली. गोठवणाऱ्या थंडीत, चिखलात, ओळीनं बसून सगळ्यांनी एकाच जमिनीवर खणलं.

खर्चाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. येणारा प्रत्येक जण प्रवासाचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च स्वतः करतो. ही प्रथा पहिल्यापासून आहे. देशभर ठिकठिकाणी नोजिरी तळ्याची मित्रमंडळं आहेत. ज्याला खणायला यायचं असेल त्यानं आपल्या भागातल्या मंडळात यायचं, तिथे आधी अभ्यास करायचा, हाड आणि लाकूड आणि दगड यांतला फरक शिकायचा, मग मार्चमध्ये तळ्यावर यायचं. सर्वसाधारणपणे दर तीन वर्षांनी तळावर उत्खनन होतं. मधल्या काळात काठावरच्या जमिनीत खणतात आणि मिळालेल्या वस्तूंवर काम चालतं. अशी वीसहून अधिक उत्खननं आजवर झाली आहेत. साठ वर्षं एखादं काम स्वखर्चानं, पिढी बदलली तरी चालू ठेवणं किती अवघड असतं हे आपल्याकडे सार्वजनिक संस्था चालवणाऱ्यांना विचारावं. पहिल्या पिढीचा जोर ओसरला की दुसरी पिढी कुलूप लावून मोकळी होते.

कामाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सापडलेली वस्तू उचलायची घाई नाही. ती कुठे होती, कोणत्या थरात, किती खोल, कोणत्या दिशेला टोक, हे आधी नोंदायचं. हाडांवर काम करणारा एक गट, परागकणांवर दुसरा, शंखशिंपल्यांवर तिसरा, कीटकांवर चौथा, आणि या गटांत शाळेतले शिक्षक आणि हौशी अभ्यासक वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. काळ ठरवायला राखेचे थर मदतीला येतात. म्योको आणि कुरोहिमे या शेजारच्या ज्वालामुखींची राख तर त्यात आहेच, पण अगदी दक्षिणेच्या क्यूशू बेटावरच्या आइरा या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकाची राखही या तळ्यात पोहोचलेली आहे. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात बोरीजवळ कुकडीच्या काठी सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख मिळाली. ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची, यावर विद्वानांत अजून वाद आहे. पण राखेच्या पट्टीवरून काळाचा माग काढायची युक्ती तीच.

1973 च्या उत्खननात नाउमान हत्तीचा एक लांब वळणदार सुळा आणि एका मोठ्या शिंगाळ हरणाचं पसरट शिंग एकमेकांशेजारी सापडलं. सुळा चंद्रकोरीसारखा आणि शिंग चांदणीसारखं, म्हणून खणणाऱ्यांनी त्या जोडीला चंद्र आणि तारा म्हटलं, आणि ते नाव टिकलं. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या थरांत हत्तीची आणि हरणाची फोडलेली हाडं, हाडांची हत्यारं आणि दगडी हत्यारं मिळाली. इथे माणसं या जनावरांची शिकार करत, निदान मेलेल्या जनावरांचं मांस इथे कापत, असं उत्खननकर्त्यांचं म्हणणं आहे. सगळ्यांना ते मान्य नाही. एखादं हाड माणसानं फोडलं की चिखलाच्या दाबानं तुटलं, हा वाद पुराश्मयुगाच्या अभ्यासात कायमचा आहे. पण वादासाठी लागणारा पुरावा गावातच आहे. 1984 मध्ये तळ्याकाठी संग्रहालय झालं, आज ते नाउमान हत्तीच्या नावानं ओळखलं जातं. सगळ्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. ज्या मुलानं एखादा तुकडा खणून काढला तो म्हातारपणी नातवाला घेऊन तो तुकडा पाहायला येऊ शकतो.

आता या हत्तीचा आपल्याशी काय संबंध, ते सांगतो, कारण तो खरा आहे. हाइनरिख एडमुंड नाउमान हा जर्मन भूशास्त्रज्ञ 1875 साली विसाव्या वर्षी जपानला आला. तोक्यो विद्यापीठात भूशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. जपानमध्ये मिळालेल्या हत्तींच्या अवशेषांवर त्यानं 1881 मध्ये लिहिलं, तेव्हा तुलनेला घेतले ते भारतातले हत्ती. फाल्कनर आणि कॉटली यांनी नर्मदेच्या खोऱ्यातल्या ज्या प्राचीन हत्तीला 1846 मध्ये नर्मदेवरूनच शास्त्रीय नाव दिलं होतं, त्याच जातीत नाउमाननं जपानचे काही अवशेष घातले. 1924 मध्ये माकियामा जिरो यांनी हामाना सरोवराजवळच्या अवशेषावरून जपानी हत्ती त्या नर्मदेच्या हत्तीची उपजात ठरवली आणि तिला नाउमानचं नाव दिलं. पुढे ती स्वतंत्र जात मानली गेली. आकारानं जपानचा हत्ती लहान, नर्मदेचा फार मोठा. पण घराणं एक.

आणि हा मोठा हत्ती केवळ नर्मदेत नव्हता. तो गोदावरीकाठीही होता. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात त्याची कवटी मिळाली आणि जी. ई. पिलग्रिम या भूशास्त्रज्ञानं 1905 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. मांजरा खोऱ्यातही प्राचीन प्राण्यांचे असेच अवशेष डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी शोधले. नांदूर मधमेश्वरला आपण आज पक्षी पाहायला जातो, 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, आणि ती आनंदाची गोष्ट आहे. पण तिथल्या शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहे की आपल्या पायाखालच्या गाळात चार मीटर उंचीच्या हत्तीचं डोकं होतं? कवटी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची झाली, वर्णन नियतकालिकात गेलं, आणि गावाच्या हाती काही उरलं नाही. मी हे कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. 1905 सालचा भारत आणि 1962 सालचा जपान यांत फार अंतर आहे. तरी तळ कुणाचा, हा प्रश्न मला नोजिरीनं विचारायला लावला. जमीन महसूल खात्याची, पाणी पाटबंधाऱ्याचं, कवटी संग्रहाची; पण ती जमीन ज्याच्या रोजच्या चालण्यातली आहे त्याला तिच्याविषयी जाणून घेण्याचा पहिला हक्क आहे असं मी मानतो.

हे गाव आणखी एका माणसाचं आहे. कोबायाशी इस्सा हा हायकू कवी इथल्या काशिवाबारा या वाटेवरच्या मुक्कामाच्या वस्तीत 1763 मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शिरीष पै यांच्यामुळे मराठी वाचकाला हायकू घरचा झाला, तेव्हा इस्साचं नाव आपल्यातल्या अनेकांना परकं नसेल. आई लहानपणीच गेली. सावत्र आईशी पटेना, म्हणून 1777 मध्ये त्याला एडोला, म्हणजे आजच्या तोक्योला, धाडलं. बाप 1801 मध्ये वारला आणि मग सावत्र भावाशी वाटणीचं भांडण सुरू झालं, ते बारा वर्षांहून अधिक चाललं. शेवटी घर मधोमध वाटून घेतलं गेलं. भाऊबंदकी काय असते हे ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून पाहिलं आहे त्यांना इस्साची ही बाजू लगेच कळेल. पन्नाशीत तो गावी परतला, लग्न केलं, चार मुलं झाली आणि चारही गेली. 1827 मध्ये गावाला आग लागली, त्यात घर जळालं. मातीच्या भिंतींचं एक कोठार तेवढं वाचलं. त्यात तो राहायला गेला आणि त्याच हिवाळ्यात, 1828 च्या जानेवारीत, तिथेच वारला. त्याची एकच मुलगी जगली, ती त्याच्या मृत्यूनंतर जन्मली.

वीस हजारांच्या आसपास कविता त्यानं लिहिल्या. माशा, बेडूक, गोगलगायी, चिमण्या, पोरकी पोरं आणि बर्फ यांच्याविषयी. गावानं त्याचं जपलं काय, तर ते कोठार. 1957 मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. गवतानं शाकारलेलं, बुटकं, अंधारं. भव्य काही बांधून मूळ वस्तू झाकून टाकण्याचा मोह गावानं टाळला, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे संतकवींच्या जन्मघरांचं सिमेंट आणि फरशी लावून काय होतं ते आपण पाहतोच.

काशिवाबारा आणि फुरुमा या वस्त्यांत लोहार आहेत, विळे घडवणारे. सोळाव्या शतकात कावानाकाजिमाच्या लढायांच्या वेळी तलवारी दुरुस्त करायला आलेल्या लोहारांकडून हे काम गावात आलं अशी दंतकथा आहे. 1982 मध्ये जपान सरकारनं याला पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. पातं पातळ आणि रुंद, आणि आतून त्याला किंचित बाक. त्या बाकामुळे कापलेलं गवत हाताशी गोळा होतं. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ ज्यानं ध्यानात ठेवली असेल त्यालाच हा बाक सुचेल. गवत कापायची यंत्रं आली तसे लोहार कमी होत गेले. दुसरं काही होणं शक्य नव्हतं.

गावाच्या हातून सगळं बरंच झालं असं मात्र नाही. 1978 मध्ये तळ्यात वाढलेल्या पाणवनस्पतींचा होड्यांना आणि मासेमारीला त्रास होतो म्हणून गवत्या माशाची पाच हजार पिल्लं सोडली. गवत्या आपल्या मत्स्यशेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे, त्याची भूकही. तीनेक वर्षांत तळ्यातल्या पाणवनस्पती जवळपास संपल्या. त्यात एक दुर्मीळ शैवालवर्गीय वनस्पती होती, तीही गेली. गवत्या अशा साठलेल्या पाण्यात प्रजनन करत नाही, पण एकेक मासा दशकानुदशकं जगतो, म्हणजे चूक उलटायला पिढी लागते. ती वनस्पती प्रयोगशाळेत जिवंत राहिली होती म्हणून तिची रोपं पुन्हा तळ्यात लावता आली, तीही जाळ्याच्या कुंपणात. हे काम गावातले लोक आणि अभ्यासक मिळून अजून करत आहेत. ज्या तळ्याच्या तळाचा एकेक इंच मोजून, नोंदून उकलला जात होता, त्याच तळ्यात एक निर्णय इतक्या घाईनं झाला, हे मला फार खुपतं. चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या चिखलासाठी जी सावधगिरी होती, ती जिवंत तळ्याच्या वाट्याला आली नाही.

जंगलाची गोष्ट मात्र उलट्या दिशेनं गेली. वेल्समध्ये जन्मलेले लेखक सी. डब्ल्यू. निकोल 1980 मध्ये कुरोहिमेला राहायला आले. युद्धानंतर लावलेली आणि मग वाऱ्यावर सोडलेली दाट झाडी तिथे अंधारून मरत होती. 1986 पासून त्यांनी अशी टाकून दिलेली जमीन तुकड्यातुकड्यानं विकत घेतली, विरळणी केली, स्थानिक जातीची झाडं वाढू दिली. आपल्या मायदेशातल्या, कोळशाच्या खाणींनी उजाड झालेल्या आणि पुन्हा हिरव्या झालेल्या आफान खोऱ्याचं नाव त्यांनी त्या जंगलाला दिलं. 1995 मध्ये ते जपानचे नागरिक झाले, 2002 मध्ये जंगल एका न्यासाकडे सोपवलं, 2020 मध्ये वारले. बाहेरून आलेल्या माणसानं गावच्या जंगलासाठी आपली मिळकत घातली, आणि गावच्याच जंगल जाणणाऱ्या माणसांचे हात त्याला मिळाले.

आज गावापुढचा मोठा प्रश्न माणसांचा आहे. मुलं कमी झाली म्हणून 2012 मध्ये गावातल्या प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा एकत्र करून नऊ वर्षांची एकच शाळा केली. उत्खननात येणाऱ्यांचे केस पांढरे होत चालले आहेत. जे 1962 मध्ये शाळकरी होते ते आता सत्तरी ओलांडून गेले. मित्रमंडळांत नवी मुलं आणणं हे आता हाड शोधण्याइतकंच कठीण काम झालं आहे.

आणि मूळ प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. हत्ती मिळाला, हरीण मिळालं, हत्यारं मिळाली. ती हत्यारं धरणारा हात मात्र मिळालेला नाही. वीसहून अधिक उत्खननांत माणसाचं एकही निर्विवाद हाड नोजिरीच्या तळात सापडलेलं नाही. त्या न सापडलेल्या माणसाला तिथली मंडळी नोजिरीचा माणूस म्हणून आधीपासूनच ओळखतात. इकेजिरीगावाचं वीजकेंद्र अजून हिवाळ्यात पाणी सोडतं आणि मार्च आला की पातळी उतरते. मोजणीच्या दोऱ्या, खुरपी आणि नोंदवह्या घेऊन माणसं तेव्हा पुन्हा तळ्यात उतरतात, त्याच माणसाला शोधायला.